कातिबाचा हात आणि यंत्राचे अक्षर

माझे खालू मुंबईत एका उर्दू साप्ताहिकात कातिब होते. सुटीत आम्ही सोलापूरहून त्यांच्याकडे जायचो तेव्हा ते एक गुडघा उभा करून जमिनीवर बसलेले असत. गुडघ्याला टेकवलेली पाटी, तीवर पिवळा चकचकीत कागद आणि हातात बोरूची कलम. बातमी किती ओळींत बसेल हे ते शब्द न मोजता सांगत. मजकूर थोडा कमी पडला की एखाद्या अक्षराची शेपटी लांबवत, जास्त झाला की दोन शब्द एकमेकांवर चढवून जागा काढत. मी विचारले तेव्हा म्हणाले होते, "हर्फां कू सांस लेने कू जगा होना, बेटा."

नव्वदच्या दशकात साप्ताहिकाने संगणक घेतला. खालूंना काही दिवस प्रूफे वाचायला ठेवले, पुढे त्याचीही गरज उरली नाही. त्यांची तक्रार अशी नव्हती की यंत्र वाईट लिहिते. उलट पहिले छापील पान पाहून त्यांनी मान डोलावली. मग बराच वेळ पाहत राहिले आणि बोट ठेवून म्हणाले, "सब जगा एकच दुम है." एका पानावर 'ये' हे अक्षर चाळीस वेळा आले असेल, तर चाळीसही ठिकाणी त्याची शेपटी हुबेहूब सारखी होती.

डिजिटल तंत्रज्ञान आणि संस्कृती या विषयावर आपल्याकडे सध्या पुष्कळ लिहिले जाते. त्यात दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, मोबाइलने वाचन संपवले, मुले बिघडली, भाषा भ्रष्ट झाली. दुसरा म्हणतो, ज्ञान सर्वांना खुले झाले. दोन्ही सूर इतक्या उंचावरून लागतात की खाली नेमके काय घडले ते दिसत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात मी एकच लहान गोष्ट पाहणार आहे, ती म्हणजे अक्षर. यंत्राशी जुळवून घेताना अक्षराचे काय होते, आणि कोणते अक्षर राहावे हे कोण ठरवते, एवढाच प्रश्न आहे. त्यासाठी उर्दूच्या नस्तालीक लिपीइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

आपल्यापैकी अनेकांनी मकतबमध्ये नाजिरा केलेला असतो. कुरआन शरीफ आपण ज्या वळणात वाचतो ते नस्ख. त्यात अक्षरे एका आडव्या रेषेवर बसतात. उर्दूचे आणि फारसीचे वळण नस्तालीक. त्यात शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे तिरका उतरत जातो. अक्षराचा आकार शेजारी कोण आहे यावर ठरतो. देवनागरी वाचणाऱ्याला हे समजणे अवघड नाही. आपला 'र' पाहा. 'अर्क', 'क्रम', 'ट्रक' आणि 'सुऱ्या' या चार शब्दांत तो चार रूपे घेतो. नस्तालीकमध्ये जवळजवळ प्रत्येक अक्षर असे वागते, शिवाय आधीच्या अक्षराच्या उंचीनुसार जागाही बदलते.

आता ही लिपी शिशाच्या खिळ्यांत कशी पाडायची? खिळा चौकोनी असतो, एका रेषेत उभा राहतो. नस्तालीक एका रेषेत राहत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात उर्दूने खिळे बाजूला ठेवून शिळाछापाची वाट धरली. कातिबाने कागदावर लिहायचे, ते दगडावर उतरवायचे आणि छापायचे. लखनौच्या नवल किशोर प्रेसने १८५८ पासून हजारो पुस्तके वाचकांपर्यंत पोचवली त्यात मोठा वाटा या दगडाचा. छपाई यंत्राने होत होती, पण अक्षर माणसाच्या हातचेच होते.

सुधारकांना हे मंजूर नव्हते. सर सय्यद अहमद खान यांनी 'अलीगढ इन्स्टिट्यूट गॅझेट' आणि 'तहजीबुल अखलाक' टाइपात छापले. मौलाना आझादांनी १९१२ मध्ये कलकत्त्याहून 'अल-हिलाल' काढले तेही नस्खी टाइपात. युक्तिवाद बिनतोड होता. खिळे स्वस्त पडतात, काम वेगाने होते, चुका सुधारता येतात, जग त्याच दिशेने चालले आहे. एवढ्या मोठ्या दोन माणसांनी सांगूनही वाचक बधला नाही. 'अल-हिलाल' लोकांनी डोक्यावर घेतले, त्याचा टाइप मात्र घेतला नाही. उर्दू वर्तमानपत्रे पुढची सत्तर वर्षे कातिबांच्या हातूनच निघत राहिली. चेन्नईचे 'द मुसलमान' हे १९२७ साली सुरू झालेले दैनिक तर एकविसाव्या शतकातही हाताने लिहिले जात होते.

याला मागासलेपण म्हणण्याची पद्धत आहे. मला ते तितके सरळ वाटत नाही. एखाद्या समाजाने यंत्राला 'आमचे अक्षर शिकून ये, मग बोलू' असे सांगून शंभर वर्षे ताटकळत ठेवावे, ही तंत्रज्ञानाच्या इतिहासातली दुर्मिळ गोष्ट आहे. तिची किंमतही होती. उर्दूचे कोश आणि पाठ्यपुस्तके निघायला वेळ लागला, वर्तमानपत्रांची पाने कातिबांच्या वेगाला बांधली गेली. खुद्द कातिबांना काय मिळत होते ते मी खालूंच्या घरी पाहिले आहे. त्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी खालाला विचारायला हवे होते.

मराठीत नेमके उलटे घडले. आपल्याकडे रोजचे लिहिणे मोडीत होते. पत्रे, हिशेब, दस्तऐवज, इनामांचे आणि दर्ग्यांचे कागद सगळे मोडी. छपाई आली आणि बाळबोध टिकली. याचे कारण म्हणून मोडीचे खिळे पाडणे अवघड होते असे सांगितले जाते. पण श्रीरामपूरला विल्यम कॅरीने १८१० चा मराठी कोश मोडी टाइपातच छापला होता. म्हणजे यंत्राला मोडी येत नव्हती असे नाही. ती यंत्रावर ठेवावी असे ज्यांच्या हाती सत्ता, शाळा आणि छापखाने होते त्यांना वाटले नाही. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी बाळबोधीला जे देखणे खिळे दिले तसे देणारा मोडीला कोणी भेटला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती कारभारातूनही गेली. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली. म्हणजे आता जगातल्या कोणत्याही संगणकाला मोडी अक्षरांचे क्रमांक ठाऊक असू शकतात. आपल्या आजोबांच्या जमिनीचा कागद वाचायला मात्र आपल्याला मोडी जाणणारा माणूस शोधत हिंडावे लागते.

मार्शल मॅक्लुहान यांनी १९६४ मध्ये माध्यमाच्या सामर्थ्याविषयी जे मांडले त्याची मोहिनी आपल्या समीक्षेवर अजून आहे. माध्यम बदलले की माणूस आणि समाज बदलतो, आशय दुय्यम, असा त्यांचा साधारण रोख. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ च्या दूरचित्रवाणीवरील पुस्तकात त्याला हरकत घेतली. तंत्र आकाशातून पडत नाही. कोणाच्या तरी गरजा, कोणाचे तरी हेतू त्याला घडवतात आणि मग आपण ते निसर्गासारखे अटळ मानू लागतो, असे त्यांचे म्हणणे. मोडी आणि नस्तालीक शेजारी ठेवून पाहिल्या की विल्यम्स यांचे म्हणणे मला अधिक पटते. यंत्र तेच होते, एका लिपीने मान तुकवली आणि दुसरीने नाही.

नस्तालीकची कोंडी फुटली ती १९८१ मध्ये. कराचीचे मिर्झा अहमद जमील मूळचे दिल्लीच्या खुशनवीस घराण्यातले. चिनी लिपीची हजारो चिन्हे जुळवणारे यंत्र त्यांनी पाहिले आणि त्यांच्या मनात आले की हे यंत्र एवढी चिन्हे पेलते तर नस्तालीक का पेलणार नाही? सुटी अक्षरे जोडण्याचा नाद त्यांनी सोडला. उर्दूत जे जे अक्षरसमूह येतात ते अखंड तुकडे म्हणून हाताने लिहून काढले. त्यांची संख्या २० हजारांच्या घरात जाते. इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीने ते यंत्रात उतरवले. वडील नूर अहमद यांच्या नावावरून या वळणाचे नाव 'नूरी नस्तालीक' पडले आणि लाहोरचे दैनिक 'जंग' त्यात निघू लागले. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या कंपनीने केलेले 'इनपेज' आले आणि हेच अक्षर साध्या संगणकावर उतरले. मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, हैदराबाद, जिथे जिथे उर्दू छापली जात होती तिथे ते पोचले, पुष्कळदा नकली सीडीवरून. लग्नाच्या पत्रिकेपासून मुशायऱ्याच्या पोस्टरपर्यंत सगळीकडे एकाच माणसाच्या हाताचे वळण दिसू लागले.

खालूंनी बोट ठेवले होते ते इथेच. यंत्राने कातिबांना हटवले असे आपण म्हणतो. खरे तर एका कातिबाने बाकीच्यांना हटवले आणि यंत्राने त्याला तसे करता आले. लखनौचे वळण, लाहोरचे वळण, हैदराबादचे वळण असे जे ओळखू येणारे फरक होते ते एका पिढीत छापील पानावरून पुसले गेले. अक्षर वाचले आणि त्याच वेळी गोठलेही. मिर्झा अहमद जमील यांचे काम थोर आहे यात मला शंका नाही, आणि हा त्यांचा दोषही नव्हे. पण डिजिटल तंत्राचा हा स्वभाव ध्यानात ठेवायला हवा की ते जे वाचवते त्याची एकच प्रत वाचवते.

तरीही इथपर्यंत उर्दू वाचकाची गाठ छापखान्याशी होती. छापखाना त्याच्याच मोहल्ल्यात होता आणि मालकाशी भांडता येत होते. पुढचा फेरा वेगळा होता. संगणक खिशात आला आणि त्याचे अक्षर हजारो मैलांवर ठरू लागले.

इथे थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे. युनिकोडमध्ये अक्षराला क्रमांक असतो, आकार नसतो. नस्ख काय आणि नस्तालीक काय, क्रमांक तेच. पडद्यावर कोणते वळण दिसेल हे त्या फोनमध्ये कोणता फाँट भरला आहे त्यावर ठरते. फाँट भरणाऱ्यांनी अरबीसाठी नस्ख भरला आणि उर्दूलाही तोच चालेल असे धरले. दिल्लीत, कराचीत, मुंबईत उर्दू लिहिणाऱ्यांच्या हातात जे फोन पडले त्यांवर उर्दू अरबीसारखी दिसू लागली. जे सर सय्यद आणि आझाद यांना जमले नव्हते ते कोणी न बोलता, न पटवता होऊन गेले. अली एतराज या लेखकाने २०१३ मध्ये उर्दू लिपीच्या मरणाविषयी इंग्रजीत एक निबंध लिहिला तेव्हा जरा खळबळ झाली. गूगलने २०१४ मध्ये नस्तालीकचा मोफत फाँट आणला. ॲपलने २०१७ मध्ये आयफोनवर उर्दूसाठी नस्तालीक दिली. म्हणजे ते अशक्य नव्हते, फक्त कोणी मागत नव्हते. आपल्या मराठीचा 'ॲ' घ्या. स्वतंत्र अक्षर म्हणून त्याला युनिकोडमध्ये २००८ मध्ये जागा मिळाली, तोवर 'अ'वर चंद्रकोर चढवून आपण भागवत होतो. मागणारे असले की यंत्र शिकते.

मधल्या वर्षांत मात्र लोक थांबले नाहीत. ते रोमनकडे वळले.

याविषयी आपल्या सभासंमेलनांत हळहळ व्यक्त होते तेव्हा मी थोडा अस्वस्थ होतो. नस्तालीक वाचणारे कमी झाले ते काही फोनमुळे नव्हे. उर्दू शाळेत मुले घालणे आपणच कमी केले, त्यामागे नोकरीची चिंता होती आणि ती खोटी नव्हती. मी स्वतः मराठी माध्यमात शिकलो. उर्दू मला अम्मीने दुपारी चुलीशेजारी पाटीवर शिकवली, ती तिथल्यापुरतीच राहिली. माझ्या बहिणीच्या मुलीला तेवढीही मिळाली नाही. ती पुण्यात संगणकाचेच काम करते. एकदा मी तिला फोनवर नस्खात दिसणारा उर्दू मजकूर दाखवून, बघ यंत्राने कशी वाट लावली, असे म्हणालो. ती अडखळत का होईना ते वाचू लागली. "मामू, नाजिरा केला होता ना मी. हेच सोपं आहे. तुमचं ते तिरकं मला कधीच कळलं नाही." माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्या मराठी मुसलमानाची अक्षरओळख मकतबमधून आली, त्याच्यासाठी फोनवरची 'बिघडलेली' उर्दू हाच कदाचित उर्दूचा एकमेव उघडा दरवाजा असेल.

रेख्ता या संकेतस्थळाचे यश इथेच आहे. संजीव सराफ यांनी २०१३ मध्ये ते सुरू केले. एकच गझल उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्यांत दिसते, शब्दावर बोट ठेवले की अर्थ उघडतो. ज्यांनी उर्दू फक्त कानांनी ऐकली होती अशा लाखो लोकांना तिने वाचक केले. हे श्रेय मोठे आहे आणि त्यात काटछाट करण्याची माझी इच्छा नाही. परंतु समीक्षकाने एक गोष्ट नोंदवायला हवी. तिथे आणि त्याहून अधिक व्हॉट्सॲपवर, गझल शेरांत सुटते. शेर विषयवार लावलेले मिळतात, जुदाईचे वेगळे, दोस्तीचे वेगळे, पावसाचे वेगळे. शेर स्वतंत्र असतो हे खरेच, मुशायऱ्यातही लोक सुटा शेर घरी नेत. पण मुशायऱ्यात तो त्यांनी आधीच्या आणि नंतरच्या शेरांच्या सोबतीत ऐकलेला असे. बोटाखाली अर्थ उघडण्याचेही तसेच. कोशातला एक अर्थ मिळतो आणि वाचक पुढे जातो. शब्द अडून बसला, कोणाला तरी विचारावा लागला, त्यानेही दोन अर्थ सांगितले, यात जो वेळ जात असे त्यात कविता मुरत असे. तो वेळ वाया जात होता असे धरून ही सोय केली आहे.

रोमनमध्ये आणखी एक गंमत होते. उर्दूचे तीन-चार वेगळे 'ज', मराठीचे 'जग' आणि 'जहाज' यांतले दोन 'ज', सगळे एकाच थैलीत पडतात. वर प्रत्येकाचे हिज्जे वेगळे. साहित्याला लागते ती स्थिरता त्यात नाही. आणि तरीही सोलापूरची दखनी, रत्नागिरी-रायगडकडच्या मुसलमानांची कोकणी, या ज्या बोलींना आपण लेखकांनी संवादापुरते वापरले आणि निवेदनात कधी बसू दिले नाही, त्या बोलींत सामान्य माणसे रोज लिहीत आहेत, तीही कोणाची परवानगी न घेता. अक्षरओळख नसलेली माझी मोठी खाला आता चार-चार मिनिटांचे आवाजी निरोप पाठवते. तिने आयुष्यात एक पत्र लिहिले नव्हते. तिच्या निरोपात भाजीच्या भावापासून मयताच्या बातमीपर्यंत सगळे एका दमात येते आणि दखनीचे असे शब्द येतात जे माझ्या कोणत्याही कथेत आलेले नाहीत. हे तंत्रज्ञान नसते तर ते मला मिळाले नसते. ते जपून ठेवण्याची सोय मात्र कोणी केलेली नाही. फोन बदलला की बहुधा सगळे जाईल.

जपणुकीविषयी बोलायचे तर आपण मराठीत लिहिणाऱ्यांनी उर्दूवाल्यांना शिकवण्यासारखे काही नाही. नव्वदच्या दशकापासून मराठी डीटीपी ज्या फाँटांवर चालली त्यांत प्रत्येकाचा अक्षरक्रम निराळा होता. २००३ साली मी एका वार्षिकासाठी लिहिलेल्या लेखाची फाइल परवा उघडली तेव्हा पडद्यावर नुसत्या इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा पाऊस पडला. छापील अंक कपाटात आहे म्हणून लेख आहे. उर्दूची अडचण आणखी खोल आहे. अरबीचा 'काफ' आणि उर्दूचा 'काफ', अरबीची 'ये' आणि उर्दूची 'ये' यांचे क्रमांक वेगळे. डोळ्यांना बहुतेकदा फरक दिसत नाही, पण एकाने लिहिलेला शब्द दुसऱ्याने शोधला तर सापडत नाही. शिळाछापाच्या पुस्तकांच्या नुसत्या प्रतिमा आहेत, त्यांतला शब्द यंत्राला धड वाचता येत नाही. आणि आजची भाषायंत्रे, जी आपल्याला प्रश्नांची उत्तरे देतात आणि भाषांतरे करून देतात, ती शिकतात ती टंकित मजकुरावरून. आपल्या अंकांतले, विशेषांकांतले, लहान गावांतून निघून बंद पडलेल्या नियतकालिकांतले लेखन त्यांच्या लेखी लिहिलेच गेलेले नाही. मराठी मुसलमानाच्या घरातली मराठी कशी असते हे त्यांनी दुसऱ्या कोणाच्या तरी वर्णनावरून शिकायचे. या बाबतीत कंपन्यांकडे बोट दाखवण्याआधी आपण आपल्या कपाटांकडे पाहायला हवे.

हा लेख मनात घोळत असताना मी अम्मीची जुनी पत्रे काढली. अब्बा मुंबईत गिरणीत होते तेव्हा तिने सोलापूरहून लिहिलेली. घाईघाईतले अक्षर, नुक्ते कुठे दिलेले, कुठे नाहीत. काही ओळी मला लागेनात. भाचीने फोनचा कॅमेरा धरून पाहिला, त्यातून काहीच अर्थाचे निघाले नाही. मग तिने छायाचित्र आपल्या भावजयीला मालेगावला पाठवले, ती तिथे उर्दू शाळेत शिकवते. रात्री तिचा आवाजी निरोप आला. तिने सगळे पत्र वाचून दाखवले होते, मालेगावच्या लहेजात, मधे थांबत. शेवटी येताना काय आणावे ते अम्मीने लिहिले होते. तिथे ती अडली. दोन अक्षरसमूहांवर नुक्तेच नव्हते. एक धरला तर 'बीज' होत होते, दुसरा धरला तर 'पेच'.

"बीज भी हो सकता है मामू, पेच भी. नानी ने नुक्ते डाले ही नहीं. नाना क्या लाए थे, आपको याद है?"

आमच्या अंगणात दुधी भोपळ्याचा वेल होता, आणि घरात शिवणयंत्रही होते.